कावळा कुणाच्या शब्दाला शिवला

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. माझं काही म्हणणं नाही.

पण घटना खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो समाधान माझा सख्खा आतेभाऊ. त्यानं मला आजवर एकही थाप मारलेली नाही. थापा मारायलाही डोकं लागतं, आणि आमचा समाधान म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस.

दिवस गेल्या वर्षीच्या सर्वपित्री अमावस्येचा. वेळ सकाळी पावणेसहाची. जागा मखमलाबादच्या पुढं, मळ्यातल्या त्यांच्या घराचं अंगण.

रात्र नव्हती. माणूस ओळखू येईल इतकं उजाडलं होतं. भुतं बाराच्या ठोक्यालाच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मळ्यात राहून बघावं.

आधी गाडीचं सांगतो.

समाधानचा थोरला भाऊ ललित. त्यानं तीन वर्षांपूर्वी कळवणहून एक जुनी पिकअप आणली, झेंडू-शेवंती बाजारात न्यायला. वरून गाडी झकास, आतून बोंब. ऑईल खायची. चार-पाच दिवसांत लिटरभर ऑईल फस्त आणि मागं निळा धूर. घरातले चेष्टा करायचे, की डिझेल नुसतं नावाला आहे, गाडी चालते ऑईलवर. ललित म्हणायचा, खाते तर खाऊ द्या, कमावते पण ना.

रोज पावणेसहाला त्याचं ठरलेलं होतं. बोनेट उघडायचं. ऑईलची पट्टी ओढून बघायची. कमी असलं की कॅनमधून ओतायचं. बोनेट लावून त्यावर दोन थापा मारायच्या. मग डावीकडचं दार उघडून ठेवायचं. ते सुवर्णावहिनीसाठी. नवरा-बायको रोज जोडीनं फुलबाजारात जायचे.

आषाढात ललित गेला.

झेंडूच्या सरीत खुरपताना छातीत कळ आली. तिथंच बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बेचाळीस वय. मागं वहिनी आणि नऊ वर्षांची दिशा.

समाधानला रडू आलं नाही. वहिनीलाही नाही. सगळे म्हणत होते, रडा, मोकळे व्हा. पण आतून सगळं बधिर झालेलं. समोरच्या कपात चहा आहे की पाणी, तेसुद्धा प्यायल्यावर कळायचं नाही, असं समाधान सांगतो.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. मीही होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

पिंड ठेवला. कावळे समोर ओळीनं बसलेले. एकही खाली येईना.

अशा वेळी काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि एकेकानं शब्द द्यायचा. कुसाबाईनं, म्हणजे माझ्या आत्यानं, नातीला शिकवायचा शब्द दिला. चुलत्यानं बांधाचा वाद मिटवायचा शब्द दिला. कावळे ढिम्म.

तास गेला. ऊन चढलं. लोक मोबाईलमध्ये वेळ बघायला लागले.

मग समाधान पुढं झाला. हात जोडले.

"दादा, तुझी गाडी विकणार नाही. जा आता."

आणि...

एक कावळा सरळ खाली उतरला. पिंडाला शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आत्याला तर हुंदका आवरेना. समाधान मात्र नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मनापासून नव्हतं रे. उरकायचं होतं फक्त."

मीही म्हटलं, उरकलं ना, मग झालं.

चुकलो आम्ही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द असा उरकत नसतो.

गाडी आता समाधान चालवायला लागला. पहिल्या आठवड्यात त्यानं पट्टी ओढून पाहिली. ऑईल भरलेलं. त्याला वाटलं, जायच्या आधी दादानंच भरलं असेल.

दुसऱ्या आठवड्यात पाहिली. भरलेलं.

तिसऱ्या आठवड्यातही तेच... आणि मागं धूर तर निळाशार.

घरात त्यानं सगळ्यांना विचारलं. कोणी हात लावला नव्हता. नव्या कॅनचं सील तसंच होतं.

आडगाव नाक्यावर गोटीराम मिस्त्री आहे. पन्नाशीचा, तोंडानं फाटका, पण कामाला चोख. समाधान गाडी त्याच्याकडे घेऊन गेला. गोटीरामनं आधी चार शिव्या गाडीला दिल्या, दोन समाधानला. मग पट्टी ओढली. पट्टी उन्हात धरली. फडक्यानं पुसली. परत घालून परत ओढली.

डिझेल गाडीत नवं ऑईल टाकलं तर दिवसभरात काळं पडतं. हे पट्टीवरचं मधासारखं पिवळं होतं.

"समाधान, पिस्टनच्या रिंगा गेल्यात हिच्या," तो म्हणाला. "ऑईल जळतंय, ते दिसतंय मला. पण आज सकाळीच कोणीतरी नवं टाकलंय. तू नाय टाकलं, तर कोणी?"

त्यानं पैसे घेतले नाहीत. गाडी लवकर काढून टाक, एवढंच म्हणाला.

काढायची की ठेवायची, यावर घरात रोज काथ्याकूट सुरू झाला. समाधानची बायको शुभांगी म्हणायची, विकून टाका. धुराचा वास फुलांना लागतो, व्यापारी नाक मुरडतात. तिचं खोटं नव्हतं. आत्या म्हणायची, घाटावर शब्द दिलाय, माझ्या पोराचा जीव घुटमळेल. समाधान दोघींचं ऐकायचा. त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

शेवटी कळवणचा किशोर नावाचा एक जण घ्यायला तयार झाला. पण तेव्हा पितृपक्ष लागला होता. पितरांच्या पंधरवड्यात गाडीचा व्यवहार कोण करतं? घटस्थापनेला सकाळी येतो, असं ठरलं.

त्या पंधरवड्यातच समाधानला आवाज ऐकू यायला लागला.

पावणेसहाला. अंथरुणातच असायचा तो.

आधी बोनेट उघडल्याची करकर. मग बराच वेळ काहीच नाही...

मग थप. थप.

बाहेर येऊन बघावं तर अंगण रिकामं. गाडी जागेवर. बोनेट लावलेलं.

शुभांगी शेजारीच झोपलेली असायची. तिला काही ऐकू यायचं नाही. आत्यालाही नाही.

चतुर्दशीला, म्हणजे अमावस्येच्या आदल्या दिवशी, दुपारी तो वहिनीसोबत शेवंती तोडत होता. वहिनी आषाढापासून पार वाळली होती. ताटावर बसायची, पण जेवायची नाही. त्यानं सहज सांगितलं, की परवा गाडी जाणार आहे.

वहिनीचे हात थांबले.

"भाऊजी, सकाळचा आवाज तुम्हालाही येतो ना?"

समाधाननं मान हलवली.

"कावळा तुमच्या शब्दाला नाही शिवला," ती म्हणाली. "तुम्ही बोलत होता ना, तेव्हा मीपण मागं उभी राहून मनात बोलले. म्हटलं, गाडी तयार करा आणि मला न्यायला या. तेव्हाच उतरला तो."

दिशाचं काय, असं समाधाननं विचारलं. वहिनी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. दिशा कोण, हे आठवायला तिला वेळ लागतोय, असं त्याला वाटलं. मग ती पुन्हा फुलं तोडायला लागली.

रात्रभर समाधानच्या डोक्यात एकच. कावळा आपल्या शब्दाला शिवला असेल, तर गाडी विकली की दादाला फसवल्यासारखं. वहिनीच्या शब्दाला शिवला असेल, तर गाडी दारात असेपर्यंत वहिनीचं खरं नाही. त्यानं ठरवलं, गाडी विकायची. दादाला राग आला तर येऊ दे, पण दिशाची आई राहिली पाहिजे. एकच दिवस काढायचा होता.

पण तो एक दिवस अमावस्येचा होता.

सकाळी पावणेसहाला...

थप. थप.

समाधान या वेळी धावत बाहेर आला.

बोनेट लावलेलं होतं. पण डावीकडचं दार उघडं होतं.

सताड उघडं.

आणि घरातून वहिनी येत होती. अंगावर ठेवणीतली साडी, केस विंचरलेले, हातात कापडी पिशवी. रोज बाजाराला निघायची तशी. चेहऱ्यावर काही नाही.

त्यानं हाक मारली. तिनं पाहिलं नाही. त्यानं दंड धरला. तिनं हिसका दिला नाही की ओढ घेतली नाही, नुसती चालत राहिली. दिवसाला चाळीस क्रेट उचलणारा गडी हा, तिच्यामागं फरफटत गेला.

तिचा पाय गाडीच्या पायरीवर पडला.

गाडीत कोणी नव्हतं. समाधान शपथेवर सांगतो, कोणी नव्हतं. पण सीटवर बसलेला माणूस जागा करायला सरकतो ना... तशी सीट आतून करकरली.

ओट्यावर दिशा उभी होती. झोपेतून उठून आलेली. ती आईकडे बघत नव्हती. ती स्टिअरिंगकडे बघत होती.

"पप्पा," ती म्हणाली.

तेव्हा समाधानच्या तोंडून शब्द गेला.

"दादा, हिला सोड. पोरीला आई पाहिजे. हिच्या जागी मी येतो."

एक क्षण काही झालं नाही.

मग दार मिटलं. हळू. आतून कोणी ओढून घ्यावं तसं.

वहिनी अंगणात खाली बसली आणि रडायला लागली. आषाढापासून पहिल्यांदा. दिशा धावत येऊन तिला बिलगली. आवाजानं आत्या उठली, शुभांगी उठली, आणि पोरीला मध्ये घेऊन सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. एकटा समाधान कोरड्या डोळ्यांनी उभा होता.

दुसऱ्या दिवशी किशोर नारळ घेऊन आला. समाधाननं त्याला चहा पाजला आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. शुभांगीचा संताप झाला. चार दिवस ती बोलली नाही. त्यानं तिला कारण सांगितलं नाही. वहिनीला त्या सकाळचं काही आठवत नाही. दिशा त्या विषयावर बोलत नाही.

हे सगळं त्यानं मला एकट्याला सांगितलं, माझ्या नाशिक रोडच्या घरी, गॅलरीत बसून. मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, मनाचे खेळ असतात. तू पहिलाही शब्द असाच दिला होतास.

"तो उरकायला दिला होता," समाधान म्हणाला. "हा मनापासून गेला. तेच वाईट झालं."

भीती वाटते का, असं मी विचारलं. नाही म्हणाला. भीती वाटली असती तर बरं झालं असतं, काहीतरी वाटतंय एवढं तरी कळलं असतं.

वहिनी आता सावरली आहे. जेवते, हसते, दिशाचा अभ्यास घेते. घर मार्गी लागलं. बघणाऱ्याला वाटेल, सगळं छान झालं.

गेल्या महिन्यात मी मळ्यात गेलो होतो. गाडी अंगणात हळूहळू फिरत होती. स्टिअरिंगवर शुभांगी, शेजारी समाधान. तो तिला गाडी शिकवत होता. मध्येच सांगत होता, कोणता व्यापारी वजनात मारतो, कोणाकडे डोळे मिटून माल टाकायचा, विम्याचे कागद कुठं ठेवलेत. शुभांगी खुशीत होती. मला बघून म्हणाली, बघा ना, यांना किती घाई झालीय मला सगळं शिकवायची.

मला तिच्याकडे बघवेना.

समाधाननं खिडकीतून हात केला आणि चहाला थांब म्हणाला. मी काहीतरी काम सांगितलं आणि तसाच निघालो.