मुरायला ठेवलेले सुटे भाग

पिशवीचा तळ फाटला आणि जमिनीवर पडलं ते एवढं: पोलादाच्या दोन वाट्या, एक आस, एक खाचांची कडी आणि एकवीस छर्रे.

छर्रे तिनं मोजले. गुडघ्यांवर बसून, एकेक उचलून, काचेच्या बशीत ठेवत.

"बावीस असायला हवेत," टेबलाखालून आवाज आला. "एका वाटीत अकरा, दुसरीत अकरा."

"एकवीस आहेत."

"नक्की?"

या खोलीत तिला 'नक्की?' असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं मान वर केली. टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं तोही वाकून बघत होता. उंच माणूस, अंगाची घडी घालून बसल्यासारखा, कपाळाला धूळ लागलेली.

"तुमच्या डाव्या बुटाची नाडी बघा," ती म्हणाली.

बाविसावा छर्रा तिथे अडकला होता. तो हसला... आणि उठताना त्यानं टेबलाच्या कडेवर डोकं आपटून घेतलं.

ती मोजमापाची प्रयोगशाळा होती. आसपासचे कारखाने आपापली मोजायची साधनं तिथे पाठवत, आणि ती तपासणं हे तिचं काम. आतल्या खोलीचं तापमान बारा महिने वीस अंश. मोजण्याआधी प्रत्येक वस्तू काही तास तिथे नुसती ठेवायची, म्हणजे तिचं तापमान खोलीइतकं होतं; त्याला तिथले लोक 'मुरवणं' म्हणत. तिच्या काटेकोरपणामुळे सगळ्यांनी तिचं नाव मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, असं पाडलं होतं. शनिवारी इतरांना सुट्टी असे. ती मात्र शनिवारची पाळी मागून घ्यायची. घरी दोन खोल्या होत्या, आणि त्या दोन्हींत कुणी नव्हतं.

तो चष्मे करणारा. भिंगांची जाडी मोजायचा त्याचा गेज तपासून झाला होता, तोच न्यायला आला होता. पिशवी सोबत होती एवढंच.

"हे कशाचं?" तिनं एक वाटी उचलली.

"सायकलचं. जुन्या, शर्यतीच्या सायकलचं. पायडलांची आस फिरते ना, ती या दोन वाट्यांमध्ये बसते. यातली एक वाटी चिरलीय. दहा दुकानं पालथी घातली, पण दुसरी कुठली बसतच नाही."

"आट्यांचं माप काय?"

तो क्षणभर थांबला. "ते... मला कुठलं जमायला."

तिनं वाटी खिडकीकडे धरली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं काम. बाहेरच्या कडेवर पाना धरायला घासलेल्या दोन सपाट्या, त्यांच्या कोपऱ्यांची धारसुद्धा कुणीतरी मोडून ठेवलेली, बोटाला लागू नये म्हणून. जी कडा कधीच कुणाला दिसणार नाही, तीही चकचकीत. आटे उलटे, डावीकडे फिरणारे.

"पायडल मारता मारता सैल होऊ नये म्हणून असे केलेत," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "किती विचार केलाय हो कुणीतरी..."

"तेच तर!" तो इतक्या आनंदानं म्हणाला, की तिला वाटी खाली ठेवावीशी वाटेना. "हे बघायला कुणी तयारच नसतं. मी दाखवायला लागलो की लोक घड्याळ बघतात. मोजून द्याल?"

"चार तास लागतील," ती म्हणाली. "आधी मुरवावी लागेल."

हे खोटं होतं. बोलून झाल्यावर तिनं मनातल्या मनात हिशेबही करून टाकला: बाहेरून दहा अंश गरम आलेली एवढीशी वाटी, फरक पडणार चार मायक्रॉनचा. केसाच्या जाडीचा सतरावा हिस्सा. सायकलला त्याचं काय सोयरसुतक? साध्या व्हर्नियरवर दोन मिनिटांचं काम होतं.

"मग थांबतो," तो म्हणाला. "चालेल ना?"

"बाहेरच्या खोलीत खुर्ची आहे."

तो थांबला. तीही काहीतरी कारण काढून बाहेरच्या खोलीतच काम घेऊन बसली.

दर शनिवारी मग काहीतरी येऊ लागलं. कधी गिअरची जोडी: बोटाएवढे दोन दांडे, सायकलच्या तिरक्या नळीवर बसणारे. पुढे खटखट वाजणारे गिअर आले तसले नव्हेत. हे नुसते सरकायचे, चेन नेमकी कुठे बसली ते कानानं ओळखायचं. कधी मागच्या चाकाची पाच दातेरी चक्रं. कधी चाकाच्या मधोमध बसणारा तुंबा, ज्याच्या पोटावर तेल सोडायला टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र होतं आणि त्यावर धूळ जाऊ नये म्हणून एक स्प्रिंगची पट्टी, अंगठीसारखी बसवलेली.

"याला झाकण आहे!" ती उडालीच.

"सरकवून बघा."

तिनं नखानं सरकवलं. टिक् असा बारीक आवाज झाला. तिनं पुन्हा सरकवलं, पुन्हा. चौथ्या वेळी तिच्या लक्षात आलं, की तो तुंब्याकडे बघत नव्हताच.

"काय?"

"काही नाही. तुम्ही वाचताना मान डावीकडे झुकवता. डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय तुमचा."

"धंदा करताय?"

"धंदा करायचा असता तर उजव्याचाही वाढलाय म्हणालो असतो."

"स्वतः तर चष्मा लावत नाही तुम्ही."

"मला लांबचं दिसतं आणि जवळचंही दिसतं. मधलंच तेवढं... हे मुरायला किती वेळ?"

"चार तास," ती म्हणाली. तुंबा वाटीपेक्षा बराच मोठा होता, तरी तेवढाच वेळ का, हे त्यानं विचारलं नाही.

मग एका शनिवारी तो सांगाडाच खांद्यावर घेऊन आला. दारातून आत येताना आधी स्वतः वाकला, मग सांगाडा झुकवला. गडद हिरवा रंग, जागोजागी उडालेला. पण नळ्या जिथे एकमेकींना भेटत होत्या, तिथे तिचे डोळे थांबले. प्रत्येक सांध्यावर पोलादाची एक बाही चढवलेली, आणि ती बाही सरळ कापून न सोडता तिला पानाच्या टोकासारखं निमुळतं केलेलं. कडा कानसून कानसून इतकी पातळ, की बाही कुठे संपली आणि नळी कुठे सुरू झाली हे बोटाला कळू नये. त्या कडेनं सोनेरी रंगाची एक रेघ, ब्रशनं, हातानं ओढलेली.

तिनं हातमोजा काढला. मोजायच्या वस्तूला उघडा हात लावायचा नाही, हा नियम ती नव्या लोकांना शिकवत असे.

"दोन्हीकडची टोकं सारखी नाहीत," ती म्हणाली. "डावं थोडं लांब आहे. अर्धा मिलिमीटर असेल."

"म्हणजे चुकलं?"

"चुकलं नाही. माणूस होता तिथे."

त्यानं त्या लांब टोकावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, "हे मला कधी सुचलं नसतं."

त्या शनिवारी तो गेल्यावर ती एकटीच मापं उतरवत बसली आणि तिथे तिला ठेच लागली. सांगाडा पन्नास सेंटीमीटरचा. पायडलांचे दांडे एकशे पासष्ट मिलिमीटरचे, नेहमीपेक्षा आखूड. अशी सायकल उंच माणसाची नसते. त्याचे गुडघे हँडलला लागले असते. ही सायकल बसणार ती पाच फूट तीन इंचांच्या आसपासच्या कुणालातरी.

कुणालातरी.

इतके महिने तो एवढ्या मायेनं जे जमवत होता, ते कुणासाठी, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. खोलीत वीस अंशच होते, पण तिला पहिल्यांदा थंडी वाजली.

रविवारी वहिनीचा फोन आला. दादाचा आवाज मागून येत होता, भाचीच्या रडण्याचा, कुकरच्या शिट्टीचा. एवढं सगळं एका फोनमध्ये.

"काय गं मायक्रॉनबाई, जिवंत आहेस ना? त्या थंड खोलीत राहून राहून एक दिवस तुलाच शिक्का मारून कपाटात ठेवतील बघ."

"वहिनी, एखाद्याला विचारायचं असलं, की हे कुणासाठी..."

"कोण एखादा?" वहिनीचा आवाज खाली आला. कुकरपासून ती लांब गेली असावी.

"कुणी नाही. चष्मे करतो."

"अगं बाई! मग विचार की सरळ. तोंड आहे ना?"

"आणि उत्तर आलं तर?"

"उत्तर यावं म्हणूनच विचारतात, शहाणे."

तिनं विचारलं नाही. पुढच्या दोन शनिवारी तिनं मापं दहा मिनिटांत हातात दिली. "आज मुरवायचं नाही?" त्यानं विचारलं, तर "आज गरज नाही" एवढंच म्हणाली. तो खुर्चीकडे बघत उभा राहिला आणि मग गेला. तुंब्याचं झाकण, नव्यानं आणलेल्या चामड्याच्या बैठकीवरचे पाकळ्यांसारखे तांब्याचे खिळे, कशाबद्दलच बोलणं झालं नाही. दुपारभर ती बाहेरच्या खोलीत त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिली. एकटेपणाची तिला सवय होती, पण तो एकटेपणा असा समोर खुर्ची ओढून बसला नव्हता कधी.

तिसऱ्या शनिवारी तो पुढचं चाक घेऊन आला.

"शेवटचंच," तो म्हणाला. "बाकी सगळं जोडून झालं. आउट काढायचा राहिलाय. तारा मी आवळतो, तुमच्याकडे सुईचा गेज आहे... चाक किती डोलतंय ते तुम्ही सांगाल?"

शेवटचंच. तिनं मान हलवली.

बाहेरच्या खोलीत त्यानं चाक दोन पट्ट्यांमध्ये अडकवलं. तिनं गेजची सुई रिमला टेकवली. चाक फिरलं, तशी सुई डावी-उजवीकडे पळू लागली.

"तीन मिलिमीटर," ती म्हणाली.

"अर्ध्या मिलिमीटरवर आलं की झालं," तो म्हणाला आणि छोट्या चावीनं तार आवळायला लागला. एक तार उजवीकडची आवळायची, तर तिच्या शेजारची डावीकडची ढिली करायची. तो पाव फेरी द्यायचा, ती आकडा सांगायची. दोन. दीड. एक पूर्णांक एक. दोघांची डोकी रिमवर वाकलेली. त्याच्या मनगटाला तेलाचा वास होता.

"आता?"

सुई शून्य पूर्णांक चारवर होती. झालं होतं. हे सांगितलं की तो चाक उचलणार, दाराशी वाकणार आणि जाणार. ज्या कुणाची ती सायकल होती, तिच्याकडे.

"जरा अजून," ती म्हणाली.

तो लगेच पुढची तार शोधू लागला. विश्वासानं. ते तिला बघवेना.

"थांबा. झालंय. शून्य पूर्णांक चार आहे, मी खोटं बोलले." तिनं श्वास घेतला. "आणि मुरवायचंही कधीच लागत नव्हतं. त्या वाटीलासुद्धा नाही. दोन मिनिटांचं काम होतं. मी तुम्हाला चार-चार तास उगाच बसवून ठेवलं."

चावी तारेवरच राहिली. चाक आपोआप थोडं फिरून थांबलं.

"उगाच?" त्यानं विचारलं.

"...उगाच नाही."

त्यानं खिशात हात घातला आणि मुठीतलं काहीतरी तिच्यासमोर ठेवलं. पात्यांचा एक जुडगा, प्रत्येक पात्याला करवतीसारखे दाते. आट्यांचं माप घ्यायचं साधं हत्यार.

"हे कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"वाटी चिरली त्याच्या आधीपासून."

"म्हणजे पहिल्याच दिवशी..."

"पहिल्या दिवशी मी खरंच गेज न्यायला आलो होतो. पण तुम्ही ती वाटी खिडकीकडे धरलीत ना..." तो कानामागे खाजवू लागला, तिथे तेलाचा डाग पडला. "चष्म्याच्या फ्रेमला चिमुकले स्क्रू असतात हो. त्यांचे आटे मोजता येतात, तर वाटीचे येणार नाहीत? आणि चार मायक्रॉनचा हिशेब भिंगवाल्यालाही करता येतो."

तिला हसू आलं. पण आता विचारायलाच हवं होतं.

"सायकल कुणाची आहे?"

"माझी."

"तुम्हाला ती लहान आहे. पन्नासचा सांगाडा आहे. तुमचे गुडघे हँडलला लागतील."

"लागतात. बसून बघितलंय मी. बेडकासारखा दिसतो."

"मग कुणासाठी जमवलीत?"

"कुणासाठी नाही." तो चाकाकडे बघत बोलत होता. "भंगाराच्या दुकानात टांगलेली होती. ती सोनेरी रेघ दिसली आणि घेऊन टाकली. मापच घेतलं नाही. दिवसभर लोकांच्या दोन डोळ्यांतलं अंतर मोजत असतो मी, एकदा नाही मोजलं. म्हटलं, भिंतीला टांगू. दुकान बंद करून घरी गेल्यावर बघायला काहीतरी हवं ना माणसाला."

 त्याच्या घरची ती भिंत तिला दिसत होती. तिच्या घरी तशीच होती, फक्त तिच्यावर काही टांगलेलं नव्हतं.

"तुम्हाला मात्र बरोबर बसेल," तो म्हणाला. "हे कळायला मला गेज लागला नाही."

"मला येते कुठे आता... कॉलेज सुटल्यापासून चालवली नाही."

"मी धरेन की मागून."

"मागून धरायला मी काय सहा वर्षांची आहे?"

"मग पुढून धरतो. मला काय, कुठूनही चालेल."

ती खुदकन हसली आणि पटकन गेजकडे वाकली, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसलंच असतं. त्याला जवळचंही दिसत होतं.

"पण आता पंचाईत आहे," तो म्हणाला. "सुटा भाग एकही उरला नाही. पुढच्या शनिवारी काय आणू?"

"काही आणू नको," ती म्हणाली. "ये नुसता."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर काढून घेतली नाही.

चाक उचलायचं कुणाच्याच मनात नव्हतं. त्यानं पुन्हा चावी उचलली, तिनं सुई पुन्हा शून्यावर आणली. अर्ध्या मिलिमीटरवर थांबता आलं असतं, पण ते थांबले नाहीत. ती तार दाखवायची, तो हलकेच चावी फिरवायचा, कधी दोघांची बोटं एकाच तारेवर यायची. बाहेर उन्हं उतरली. तिनं उठून दिवा लावला आणि येऊन बसली, ती त्याच्या बाजूला.

"आता?" त्यानं विचारलं.

तिनं चाकाला एक पूर्ण फेरी दिली आणि सुई वाचली.

उजवीकडे शून्य पूर्णांक एक, डावीकडे शून्य पूर्णांक एक. एकूण डोल शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर.