पाठीवरचा खडू

रविवारी दुपारी तीन वाजता चष्मेवाला टेलरमास्तरांच्या घरी सायकल आणायला निघाला, तेव्हा रस्त्यावर लख्ख ऊन पडलं होतं. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोख लागतो, कुत्र्याचं रडणं लागतं. इथं तसलं काहीच नाही. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, बस जवळजवळ रिकामी, आणि खिडकीशी गडद निळा, इस्त्री केलेला शर्ट घातलेला एक साठीचा माणूस मनातल्या मनात एकच वाक्य घोकत बसलेला. ‘आज सांगून टाकायचं.’

काय सांगायचं होतं, ते आधी ऐका.

जुन्या काळ्या सायकलींचं वेड लागलेली बारा-तेरा माणसं त्या शहरात होती. एक निवृत्त पोस्टमन, एक दातांची डॉक्टरीण, एक बेकरीवाला, असेच सगळे. सळईचे ब्रेक, झाकलेली चेन, मडगार्डवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ. कुणाच्या अंगणात असली सायकल गंजत पडलेली दिसली की यांचा जीव वरखाली व्हायचा. एकाकडे जास्तीचं पेडल असलं की ते दुसऱ्याला मिळायचं. ज्याची सायकल दुरुस्तीसाठी उघडून पडली असेल, त्याला कुणीतरी आपली चालवायला द्यायचं. रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून शहराबाहेर चक्कर मारायची आणि रस्त्यातली पोरंटोरं बघायला लागली की उगाच घंट्या वाजवायच्या. या मंडळींत चष्मेवाल्याचा शब्द शेवटचा. जन्मभर भिंगं घासून त्याची नजर अशी तयार झाली होती की दहा पावलांवरून तो सांगायचा, ‘हे हँडल कंपनीचं नाही, नंतर बसवलंय.’ सगळे त्याला ‘ओरिजिनल’ म्हणायचे. पूर्वी ते ऐकून तो फुलायचा. हल्ली ते कानावर पडलं की त्याला तोंड लपवावंसं वाटे.

त्याच्या स्वतःच्या सायकलीत एकच खोट होती. सीट मूळची नव्हती. आणि तशी मूळची सीट शहरात एकाच सायकलीवर होती, टेलरमास्तरांच्या. चामड्याची सीट चपलेसारखी असते, बसून बसून मालकाच्या अंगाची होते. मास्तरांनी चाळीस वर्षं दुकानात उजव्या पायाने शिलाई मशीन चालवलं. त्यांच्या सीटलाही उजवीकडे बोटभर जास्त खळगा पडला होता.

आठ महिन्यांपूर्वी मास्तरांनी सायकल रंगवायला म्हणून विश्वासाने त्याच्याकडे आणून ठेवली. चष्मेवाल्याने जीव ओतून काम केलं, रेघसुद्धा श्वास रोखून ओढली. आणि परत द्यायच्या आदल्या दिवशी सीट बदलली. भंगारबाजारातून त्याच कंपनीची, पण नंतरच्या काळातली एक सीट आणली, तेल आणि बुटाचं पॉलिश चोळून जुनी केली, उजवीकडे लाकडी ठोकळ्याने ठोकून खळगाही पाडला. मास्तरांची सीट त्याच्या सायकलीवर गेली.

त्यानंतरच्या रविवारी सगळे जमले होते. मास्तर सायकलीवर बसले, वीसेक पावलं गेले आणि उतरले. सीटवरून हात फिरवत हळूच म्हणाले, ‘सीट... बदलली का हो?’

सगळ्यांच्या माना चष्मेवाल्याकडे वळल्या. तेव्हाच बोलून गेला असता तर चार शिव्या खाऊन सुटला असता. पण ‘ओरिजिनल’ने चोरी कशी कबूल करायची?

‘मास्तर, सीट तीच आहे, तुम्ही बदललात,’ तो मोठ्याने म्हणाला. ‘बुडाला मांस राहिलं नाही, आता हाडं टोचणारच. आणि या वयात विसरायलाही होतं हो.’

सगळे खो खो हसले. मास्तरही हसले. ‘असेल बाबा, असेल,’ म्हणाले, वर त्याचे आभार मानून गेले. त्यानंतर ते कधी चकरेला आले नाहीत, आणि महिन्याभरापूर्वी झोपेतच गेले.

आज दार मास्तरांच्या मुलीने उघडलं. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करायची. बोलणं मोजकं, नीटस. ‘या काका. सायकल खाली जिन्याखाली आहे. बाबांना आवडलं असतं, तुमच्या मंडळींत कुणी ना कुणी चालवत राहिलेलं.’

तो आत जाऊन बसला, आणि इकडेतिकडे पाहताच त्याचं घोकलेलं वाक्य घशात अडकलं. घरभर चिठ्ठ्या होत्या. कपाटावर ‘साखर’, ‘चहा’. दिव्याच्या बटणांवर ‘आतली खोली’, ‘जिना’. दाराच्या आतल्या बाजूला, ‘किल्ली खिशात आहे का पाहा.’ आखीव, टेलरच्या हातची अक्षरं.

‘बाबांनीच लावल्यात,’ मुलगी म्हणाली. ‘आपल्याला विसर पडायला लागलाय, असं एकदम डोक्यात बसलं त्यांच्या. डॉक्टरने सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. तर म्हणाले, डॉक्टरला काय कळतंय? चाळीस वर्षं ज्या सीटवर बसलो ती मला परकी वाटते, म्हणजे डोकं गेलंच माझं.’

चष्मेवाल्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

‘मग कापड कापणं सोडलं. म्हणाले, स्वतःची सीट ओळखता येत नाही, तो लोकांची मापं काय घेणार? दुकान बंद केलं. रोज सकाळी खाली जायचे, स्टँडवर लावलेल्या सायकलीवर डोळे मिटून बसायचे. अर्धा अर्धा तास. मी चिडायचे हो त्यांच्यावर. म्हणायचे, काका सांगतायत ना तीच आहे म्हणून, मग काय हे वेड्यासारखं!’ तिने कपाटावरची ‘चहा’ची चिठ्ठी दाबून नीट बसवली. ‘काका, एक विचारू? ती तीच होती ना?’

हीच ती वेळ होती. ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती. नाही म्हटलं, तर बापावर काढलेला सगळा राग आता तिच्याच अंगावर येणार होता. तिच्यासाठी म्हणून आपण गप्प बसतोय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ती खोटी होती, हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

‘हो,’ तो म्हणाला. ‘तीच.’

सायकल घेऊन तो बाहेर पडला. रस्त्याला चढ नव्हता, चाकात हवा होती, तरी दोन चौक जाईपर्यंत त्याला धाप लागली. लाजेने माणूस जड होतो म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं. मग वास आला. गरम इस्त्रीखालच्या ओलसर कापडाचा. आजूबाजूला इस्त्रीचं दुकान नव्हतं.

आणि त्याच्या पाठीवर काहीतरी टेकलं.

रुंद, गार, गुळगुळीत पट्टी. एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत ती हलकेच ताणली गेली, आणि मधोमध दोन बोटांनी दाबून धरली. हा स्पर्श कुणालाही ओळखू येईल. नवा शर्ट शिवायला टाकताना प्रत्येकाने तो अनुभवलेला असतो.

‘साडेसतरा...’ मागून आवाज आला.

टाचण्या ओठांत धरून बोलावं तसा, अर्धवट मिटलेला. चष्मेवाल्याचे हात हँडलवर गोठले. ब्रेक दाबायचं त्याला सुचेना.

‘ताठ बसा... हलू नका...’

पट्टी काखेखालून छातीभोवती फिरली. मग पोटाभोवती. खांद्यावर काहीतरी टोकदार दोनदा खरखरलं, एकदा आडवं, एकदा उभं. घाई नाही, राग नाही. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाचे सराईत हात. ते हात काही म्हणजे काही विसरले नव्हते, आणि चष्मेवाल्याला भीतीपेक्षा तेच सहन होईना. एक स्कूटरवाला शेजारून पुढे गेला, जाता जाता त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली.

‘मास्तर...’ तो पुटपुटला. ‘मास्तर, चुकलं माझं...’

पट्टी सैल पडली. सुटलो, असं त्याला वाटलं. तेवढ्यात तिचं टोक त्याच्या टाळूवर टेकलं. तिथून ती मानेवरून, पाठीवरून, मांडीवरून उलगडत पेडलवरच्या टाचेपर्यंत गेली. डोक्यापासून टाचेपर्यंतचं माप कुठल्याच शर्ट-पँटीला लागत नाही.

तो धडपडत उतरला. मागे रिकामा रस्ता होता, ऊन होतं. बाकीची वाट त्याने सायकल हातात धरून चालत काढली.

घरी येऊन तो थेट शेडमध्ये शिरला. ‘चहा टाकू का?’ बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. त्याने पाना घेतला, आपल्या सायकलीवरची सीट सोडवली आणि मास्तरांच्या सायकलीवर चढवली. बोल्ट आवळताना त्याला रडू आलं. मास्तर गेल्याचं कळलं त्या दिवशीही आलं नव्हतं. सीट सरळ बसली आहे की नाही, हे पाहायला त्याने सवयीने तळवा ठेवला, आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. चामडं कोमट होतं. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं.

‘अहो, परत कुठं निघालात?’

‘येतो,’ एवढंच म्हणून तो सायकल ढकलत निघाला. त्या सीटवर बसायची त्याची छाती झाली नाही.

मुलीने दार उघडलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. तिला बोलू न देता, जिन्यापाशी उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. भंगारबाजार, बुटाचं पॉलिश, लाकडी ठोकळा, सगळ्यांसमोर केलेली ती चेष्टा. दुपारी पुन्हा खोटं बोललो, तेही. सांगून झाल्यावर त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. ती खालच्या पायरीवर बसली.

‘म्हणजे बाबांचं डोकं शाबूत होतं,’ ती म्हणाली.

‘हो गं. अगदी शेवटपर्यंत.’

‘आणि मी त्यांना वेडं म्हटलं.’

सायकल होती तिथं लावून ठेवावी म्हणून तो जिन्याखाली वळला, तशी ती उठली.

‘काका, हा शर्ट... शिवायला टाकला होता का कुणाकडे?’

‘नाही. जुनाच आहे. का?’

‘पाठीवर खडू आहे.’ तिचं बोट त्याच्या खांद्याला लागलं. ‘ही फुली... आडवी रेघ लांब, उभी आखूड. बाबा अशीच काढायचे. कधी घेतलं त्यांनी तुमचं माप?’

‘आज,’ तो म्हणाला. ‘दुपारी.’

ती हसली नाही. तिचं बोट पाठीवरून सावकाश खाली सरकत गेलं आणि कमरेपाशी थांबलं. ‘इथं लिहिलंय काहीतरी... माप झालं की बाबा कापडावरच लिहून ठेवायचे, कधी द्यायचंय ते. वार... आणि वेळ...’

‘काय लिहिलंय?’

तिचा तळवा त्याच्या पाठीवर आपटला. एकदा, दोनदा, जोरजोरात. पाठ चुरचुरेपर्यंत ती झटकत राहिली. तो वळला तेव्हा ती आपल्या पांढऱ्या झालेल्या हाताकडे पाहत होती.

‘काय होतं गं?’

‘पुसट होतं, काका. काही कळलं नाही.’

खरं सांग, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. ते म्हणायचं तोंड त्याला राहिलं नव्हतं.

ती त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. दिवे लागले होते. तो रस्त्यावर पाऊल टाकणार, तोच तिने विचारलं, ‘तुमचा मुलगा बाहेरगावी असतो ना?’

‘हो. पुढच्या महिन्यात येतोय सुट्टीला.’

‘आज बोलवा त्याला,’ ती म्हणाली. तिने अजून हात धुतला नव्हता. ‘पुढचा महिना नको, काका. आजच फोन करा.’