अडीचच्या तासाची हजेरी

"मॅडम, तोंड बघितल्याबिगर कुनाची हजेरी लावू नका. नुसत्या आवाजाचं काय खरं अस्तंय?"

आमच्या नर्सिंग कॉलेजातल्या सारजाबाई मावशींनी मला हे सांगितलं होतं. मी हसले. म्हटलं, "मावशी, फोनवर शिकवायचं म्हटल्यावर तोंडं कुठून बघू?"

त्या हसण्याची आज लाज वाटते.

मी लिहितेय ते माझ्यासोबत घडलेलं आहे. तुम्ही खोटं म्हणालात तरी चालेल. कुणीतरी ते खोटं ठरवलं तर मलाच बरं वाटेल.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. मंगळवार. अमावस्या नव्हती, रात्र नव्हती... बीडमधलं आमचं घर, दुपारचे अडीच, अंगणात लख्ख ऊन.

मी एम.एस्सी. नर्सिंगच्या मुलींना पॅथोफिजिओलॉजी शिकवते. आजार शरीराच्या आत काय काय बिघडवत जातो, त्याचा हा विषय. वर्गात सातच जणी. ड्युटी वेगवेगळ्या दवाखान्यांत, म्हणून मंगळवारचा तास फोनवर असायचा. मलाही ते सोयीचं होतं. माझी लेक सात महिन्यांची होती. ती अंगावर पीत असायची आणि मी शिकवत असायचे. त्यामुळे माझा कॅमेरा बंद. रेंज नाही म्हणून त्यांचेही बंद.

रोल नंबर चार, बबिता. माहेरी, युसूफ वडगावला बाळंत झालेली. अकरा दिवसांची ओली बाळंतीण.

दोन वाजून दहा मिनिटांनी तेजश्रीचा मेसेज आला. "बबिता घरून जॉईन होतेय. प्रेझेंट लाव."

तेजश्री म्हणजे या वर्गाची इनचार्ज. आणि माझी मैत्रीण. कॉलेजपासूनची. माझ्या बाळंतपणात तीन दिवस दवाखान्यातून हलली नव्हती ती. तिच्या शब्दावर मी काय शंका घेणार?

तास सुरू केला. हजेरी घेतली.

एक... दोन... तीन...

"चार."

आवाज आला नाही.

"रोल नंबर चार? बबिता?"

"...हजर, मॅडम."

आवाज लांबून आल्यासारखा. मागे काहीतरी वाजत होतं.

टिक... टिक... टिक...

घड्याळ असेल. मी 'पी' लिहिलं आणि पुढे गेले.

त्या दिवशी धडा होता शॉकचा. रक्तस्राव झाल्यावर शरीर कसं खचत जातं, तो. मी दर वर्षी एकच गोष्ट ठासून सांगते. सुरुवातीला बीपी चांगलं दाखवतं. शरीर सांभाळून घेत असतं. म्हणून आकड्यावर जाऊ नका, पेशंटचा हात हातात घ्या.

"पेशंटला आधी काय जाणवतं? कोण सांगेल?"

कुणीच बोललं नाही.

मग...

"तहान, मॅडम. जीभ टाळूला चिकटते."

बबिता.

"छान. अजून?"

"हात गार पडतात... आपलेच हात आपले वाटत नाहीत."

"वा. पुस्तकातसुद्धा इतकं नीट दिलेलं नाही."

हो. मी असं म्हणाले. तिचं कौतुक केलं.

"आणि शेवटी?"

टिक... टिक...

"शेवटी बरं वाटतं, मॅडम. तहान पण जाते."

तेवढ्यात माझ्या लेकीनं दूध सोडलं. रडली नाही. मान वळवून फोनकडे टक लावून बघत राहिली... तास संपेपर्यंत.

संध्याकाळी अनिसाचा फोन आला. त्याच वर्गातली मुलगी. रडत होती.

"मॅडम, बबिता गेली."

"कधी? आत्ता दुपारी तर बोलली माझ्याशी."

अनिसानं रडू आवरलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तासाला आम्ही सहाच होतो. तुम्ही प्रश्न विचारायच्या, थांबायच्या, आणि छान म्हणायच्या... आम्हाला वाटलं, बाळाशी बोलताय."

माझे हात गार पडले.

आमचे तास रेकॉर्ड होतात. मी लावून बघितलं. नावं सहा, सातवं माझं. 'चार' म्हटल्यावर नुसती शांतता. मग माझं "छान". मग शांतता. मग माझं "वा".

बबिता कुठेच नाही.

फक्त त्या शांततेत... टिक... टिक... टिक...

चार दिवसांनी, बबिता कशी गेली याच्या चौकशीला दोन माणसं आली. मला विचारलं, "मंगळवारी अडीचला ही विद्यार्थिनी तासाला होती?"

मी काय सांगायचं? मी ऐकलं होतं. रेकॉर्डिंगचं बोलायला गेले, तर म्हणाले, ते राहू द्या. तुम्ही आवाज ऐकला का, एवढंच सांगा.

म्हटलं, "हो. ऐकला."

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

त्या संध्याकाळी तेजश्री घरी आली. सोबत लेकीसाठी झबलं. लेकीला मांडीवर घेतलं, आणि म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू गं? किती सांभाळून घेतलंस."

"काय सांभाळलं मी?"

"अगं, ती घरी होती म्हणून सांगितलंस ना. नाहीतर माझी नोकरी गेली असती."

मला काहीच कळेना. मग हळूहळू तिनंच सांगितलं. लॉगबुकवर, म्हणजे प्रॅक्टिकलच्या नोंदवहीवर, तेजश्रीच्या सह्या घ्यायचा तो शेवटचा दिवस होता. बबितानं सकाळी फोन केला. म्हणाली, अंगावरून लई जातंय, नंतर येते. तेजश्री म्हणाली, बाळंतिणीला असं होतंच, समोर आल्याशिवाय सही नाही. बबिता निघाली. मांजरसुंब्याच्या अलीकडे, रस्त्यातच, एक वाजता गेली.

एक वाजता.

मेसेज दोन वाजून दहा मिनिटांचा होता.

"तुला माहीत होतं?"

"दीडला तिच्या आईचा फोन आला. मी घाबरले गं. वाटलं, ती घरी होती असं कागदावर असलं म्हणजे झालं. आणि तू काय, मी म्हटलं की लावतेसच." मग हसली. "पण आवाज ऐकला म्हणून सांगशील, असं नव्हतं वाटलं. मैत्रीण असावी तर अशी."

"तेजश्री, मी सांभाळून घेतलं नाही. ती बोलली. खरंच बोलली."

माझ्या लेकीला तिनं मांडीवरून खाली ठेवलं... पोळल्यासारखं.

त्यानंतर ती माझ्या घरी आलेली नाही.

मी दुसऱ्याच दिवशी लेखी दिलं. हजेरी चुकीची आहे, रद्द करा. ऑफिसातून उत्तर आलं, "मॅडम, तुम्हीच ऐकलं म्हणालात. सही तुमचीच आहे."

आणि मग एक दिवस बबिताची आई आली. भिवराबाई. डोक्यावरचा पदर सावरत पायरीवरच बसली. आत येईना.

"तुमी माज्या लेकीचा आवाज ऐकला म्हनं."

मी मान हलवली.

"मला कागदाचं काय बी नगं बाई. कोन खरं, कोन खोटं, त्ये बी नगं. नुसतं सांगा, काय म्हनली ती?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तहान लागली म्हणाली."

म्हातारीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"जीपमदी पानीच मागत व्हती, बाई. केजपासनं. पानी दे, पानी दे. मी घोट बी दिला न्हाई. बाळंतिनीला जास्त पानी देऊ न्हाई म्हंत्यात... म्हनलं, बीडला गेल्यावर च्या पाजते."

ती पुढं बोलत राहिली.

"डायवरनं गाडी कडंला घेतली. मागनं कुनी ठोकू न्हाई म्हनून ती लुकलुकती बत्ती चालू ठेवली. लई येळ वाजत व्हती ती. टिक टिक. अजून कानातनं जात न्हाई."

मी पायरीवर तिच्याशेजारी बसले. तेवढंच करू शकले.

तहान गेल्याचं तिला सांगितलं. बरं वाटत होतं म्हणाली, हेही सांगितलं. त्यावर ती किती तरी वेळ माझा हात धरून बसली.

आता मी तास वर्गातच घेते. प्रत्येकीचं तोंड बघते, मगच 'पी' लिहिते. नवा वर्ग आहे, चार नंबरला दुसरी मुलगी आहे. तरी तीन म्हटल्यावर माझी जीभ अडते.

आणि मंगळवारी सुट्टी असली, मी घरी असले, की अडीचच्या सुमाराला लेक खेळता खेळता थांबते. फोन बंद असतो. ती त्याच्याकडे बघते... आणि भांड्याकडे बोट दाखवून पाणी मागते. घोटभर पिते. उरलेलं फोनशेजारी नेऊन ठेवते.

मी ते भांडं उचलत नाही.

तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कुणी ओली बाळंतीण असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा. फोन करू नका. ती "बरी आहे" म्हणेल. बबितासुद्धा शेवटी 'बरं वाटतं' म्हणाली होती.

तिच्यापर्यंत जा. तोंड बघा. हात हातात घेऊन बघा, गार आहे का.

आणि पाणी मागितलं तर द्या.