हेमाच्या नावाचा दगड

आमच्या बिल्डिंगमध्ये मला पाठीमागे ‘लॅबवाल्या काकू’ म्हणतात. म्हणोत बापडे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं लॅबमध्ये काढली. थर्मामीटर लावल्याशिवाय ताप आलाय हे मी मान्य करत नाही. प्रकृती ठणठणीत, बासष्ट वर्षांत अंगावर एक टाका पडलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणीतरी म्हणणारच, मंदाकिनीबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

हेमा माझ्या समोरच्या दारात राहते. ती त्याच कंपनीत डिस्पॅचला होती. आम्ही एकाच महिन्यात रिटायर झालो आणि त्याच दिवशी ठरवलं, मुरबाडकडचा करवलीचा डोंगर चढायचा. सकाळी वर, संध्याकाळपर्यंत खाली. तयारी म्हणून रोज सकाळी दोन-दोन लिटरच्या बाटल्या घेऊन आमच्या लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगचे चार मजले पाच वेळा चढायचो. पोरं हसायची. हेमा त्यांना म्हणायची, “हसा रे हसा, तुम्हाला दूध आणायला पण स्कूटर लागते!”

मग बारा मेला हेमा कुरडयांचं ताट घेऊन गच्चीवर चाललेली असताना जिन्यात पडली. कुणी पाहिलं नाही. दहा मिनिटांनी तिची सून ऋजुता शोधत गेली तेव्हा सापडली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली, तीन स्क्रू लागले. दोन महिन्यांत डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता उठा. हेमा म्हणाली, उद्या. पाच महिने तिचा तो ‘उद्या’ चालू होता. वॉकरवर ऋजुता टॉवेल वाळत घालायला लागली. मला ते बघवायचं नाही. एवढी दणदणीत बाई, उशीला टेकून भिंतीकडे बघत बसायची.

डिसेंबरात एक दिवस तीच म्हणाली, “मंदा, तू तरी जाऊन ये गं. माझ्या वाटणीचंही चढ.”

मी लगेच हो म्हटलं. माझ्या मनात दुसरंच होतं. मी जाऊन आले की हिला हेवा वाटेल, आणि हेव्यापोटी का होईना, उठेल. हेमाला मी ओळखते ना.

रविवारी पहाटे पाचला मितेशनं गाडी काढली. हा माझा मुलगा, वय चौतीस, पोट बेचाळीसचं. कल्याण सोडलं, रायत्याचा पूल ओलांडला, मुरबाडला गरम वडे खाल्ले. सातला पायथ्याच्या वाडीत पोचलो. तिथला काळुराम आम्हाला वर नेणार होता. पन्नाशीचा, काटक माणूस, पायात प्लास्टिकचे बूट, कमरेला कोयता. त्यानं माझे नवे बूट निरखून पाहिले.

“मावशी, बूट भारी हायत. पाय कसं हायत?”

“पाय बुटांपेक्षा जुने आहेत, पण कंपनी चांगली होती.”

काळुराम हसला आणि आमची गट्टी जमली. मितेश अर्ध्या तासातच धापा टाकायला लागला. साग झडलेला होता, पानं पापडासारखी मोडत होती. पुढे कारवी लागली, माझ्या डोक्याच्याही वर गेलेली. मी मजेत चालले होते. खरं सांगते, कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

नऊला खिंड आली. तिथे उंबराखाली एक सपाट काळा कातळ आहे. त्याला ‘पाट’ म्हणतात. काळुरामनं खालून एक खडा उचलला, पाटावर ठेवला.

“एकेक दगड ठेवा. वर जाताना आपला ठेवायचा, उतरताना आपलाच उचलायचा. दुसऱ्याचा नाय उचलायचा.”

“आणि एखादा पाटावर राहिला तर?” मितेशनं विचारलं.

“तर तो मानूस वरच हाय, असं समजायचं.”

मला हे फारच आवडलं. अंधश्रद्धा कसली, आमच्या कंपनीत हेच होतं! प्लँटमध्ये जाताना आपलं पितळी टोकन फळीवर टांगायचं, बाहेर पडताना काढायचं. आग लागली तर आत कोण अडकलंय ते फळीवरून कळतं. मी काळुरामला हे सविस्तर समजावलं. एकदा हेमाचा मुलगा तापानं फणफणला होता म्हणून तिला उशीर झाला, तेव्हा तिचं टोकन मी टांगलं होतं. त्यापायी मला मेमो मिळाला. आम्ही दोघी कँटीनमध्ये तो मेमो वाचून हसलो होतो.

तर खोड जाते थोडीच! मितेशनं आपला दगड ठेवला, मी स्वतःसाठी एक पांढरी गारगोटी ठेवली, आणि शेजारी एक काळा, चपटा दगड ठेवला.

“मावशी, दोन कशापायी?”

“मैत्रिणीच्या नावाचा. तिला येता आलं नाही.”

काळुराम आम्ही आलेल्या वाटेकडे जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “ठेवलाव तर ठेवलाव. आता हालवू नका.”

खिंडीच्या वर एक उभा कातळटप्पा आहे, दोन पुरुष उंचीचा. काळुराम सरसर चढला, वर पालथा पडला आणि त्यानं हात खाली सोडला. आधी मितेशला ओढलं, मग मला. मी कपडे झटकत उभी राहिले. काळुरामचा हात अजून खालीच होता.

“काळूदादा, आलो की आम्ही दोघं वर,” मितेश म्हणाला.

काळुरामच्या दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या. त्यानं हात वर घेतला, तळवा पँटला पुसला आणि पुढे निघाला.

तिथून पुढे मला मधूनच निलगिरीच्या तेलाचा वास यायचा. हेमाच्या खोलीत असतो ना, तसाच. मी झाडं बघत चालले, त्या डोंगरावर निलगिरी नाही. शेवटी माझ्याच ओढणीला लागला असणार असं ठरवून टाकलं. कालच तर तिच्या उशाशी बसले होते.

सव्वाबाराला माथा! वारा असा की मितेशची टोपी गेली ती थेट बारवीच्या धरणाकडे. मी अक्षरशः ओरडले, टाळ्या वाजवल्या. काळुरामनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला, सोबत आणलेली पळसाची पानं मांडली. चार मांडली. मी मोजली, आणि त्यानंही मोजली, पण चौथं पान उचललं नाही. त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला.

वर रेंज होती. मी हेमाला फोन लावला.

“अगं पोचले! सगळं दिसतंय!”

“हो ना गं,” हेमा म्हणाली. तिला धाप लागली होती. “वारा काय आहे, बाई! आणि मंदा, डाव्या बुटाची लेस बांध आधी, पडशील.”

मी खाली पाहिलं. डावी लेस सुटली होती.

ऋजुतानं फोन घेतला. “काकू, आई सकाळपासून घामाघूम झाल्यात. ताप नाहीये. मघाशी म्हणाल्या, जरा दम खाऊ दे. पडल्या पडल्या कसला दम?”

“ताप मोजलास?”

“दोनदा.”

मी लेस बांधली. चढ म्हटलं की बूट आणि बूट म्हटलं की लेस, अंदाज केला असेल. हेमा आहेच अशी. मितेशला मी काही सांगितलं नाही.

उतरताना मी आणि मितेश लहानपणीची त्याची फजिती आठवून हसत होतो. खिंडीत पोचलो तेव्हा तीन वाजले होते. मितेशनं आपला दगड उचलला, काळुरामनं आपला.

पाटावर एकच उरला होता. काळा, चपटा.

माझी पांढरी गारगोटी नव्हती.

मी पाटाभोवती शोधलं, पालापाचोळा हातानं सारला. माकडं असतील, मी म्हणाले. नाहीतर वारा असेल. काळुराम शोधत नव्हता.

“तुमचा खाली गेला, मावशी.”

“म्हणजे मी आधीच घरी पोचले. चला, तंगडतोड वाचली!”



मी काळ्या दगडाकडे हात नेला. काळुराम मध्ये आला.

“तो ऱ्हाऊ द्या. आपला नाय.”

“मग हेमा वरच राहील ना?”

त्यानं कमरेचा कोयता सारखा केला.

“मी काय घेऊन उतरू मग?”

मितेश म्हणाला, “आई, चल ना, दगड आहे तो.” बरोबर होतं त्याचं. मीही दुसऱ्या कुणाला हेच म्हटलं असतं. पण ऊन उतरत होतं, कारवी सळसळत होती, आणि हेमाला तिथे एकटीला ठेवून जायचं मला जमेना. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

“मीच ठेवला होता, मीच उचलणार.”

उचलला. सावलीतला दगड, पण हाताला गरम लागला.

शेवटच्या उतारावर उजव्या खुब्यात एक बारीक कळ आली. बासष्ट वर्षं, म्हटलं, एवढं चालायचंच.

संध्याकाळी सातला मी हेमाची बेल वाजवली. दार हेमानं उघडलं.

उभी! वॉकर नाही, काठी नाही, पदर खोचलेला, हातात उलथणं. मागे ऋजुता एकाच वेळी रडत आणि हसत होती. “काकू, तीन वाजायच्या आत उठल्या! म्हणाल्या, मंदा दमून येईल, थालीपीठ लावते!”

मी हेमाला मिठीच मारली. आम्ही दोघी दारात उभ्या राहून रडलो, मग हसलो, मग थालीपीठ करपलं म्हणून पुन्हा हसलो. मितेशनं चार खाल्ली. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळींपैकी ती एक होती, हे मी आजही म्हणते.

जेवणाच्या टेबलावर मिठाशेजारी एक पांढरी गारगोटी होती.

“ही कुठली?” मी विचारलं.

“काय माहीत. उशीखाली होती,” हेमा म्हणाली आणि माझ्या पानात लोणी वाढलं.

काळा दगड माझ्या पर्समध्ये होता. मी तो बाहेर काढला नाही.

कळ काही थांबली नाही. दोन आठवड्यांनी मितेश म्हणाला, “आई, तूच म्हणतेस ना, मोजल्याशिवाय मानायचं नाही? मग काढ एक्स-रे.” हेमा सोबत आली. सेंटरच्या पायऱ्या ती दोन-दोन करून चढली आणि वर उभी राहून मला हात दिला.

एक्स-रे काढणारी मुलगी लहानशी होती, गोड होती. तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला.

“काकू, प्लेट छान बसलीये. तिन्ही स्क्रू जागेवर आहेत. ऑपरेशन कधी झालेलं?”

मी स्क्रीनकडे पाहिलं. मग उत्तर दिलं. आठवावं लागलं नाही.

“मेमध्ये. बारा मेला पडले. कुरडयांचं ताट होतं हातात, गच्चीच्या जिन्यात पाय सरकला,” मी म्हणाले. “आणि गंमत सांगू का? पडता पडता मनात एवढंच आलं, शी, सगळ्या कुरडया वाया गेल्या.”