चार तोट्यांचं भांडं

फियोरेंझाने पहिल्याच दिवशी स्कीच्या मास्तरला आडवं केलं. थांबायचं कसं हे शिकण्याआधीच ती उतारावरून सुटली होती! बर्फातून डोकं वर काढत दिदिए म्हणाला, "तुमच्या जेनोव्यात ब्रेक लावायची पद्धत नाही वाटतं?"

"आमच्याकडे समुद्र असतो, मास्तर. तो असा पायाखालून पळत नाही."

तो हसला... आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

हिवाळी सुट्टीचे सहा दिवस भुर्रकन उडाले. तो तिच्या बुटांचे पट्टे आवळून द्यायचा, ती ते मुद्दाम सैल करून ठेवायची. पण मनातलं बोलायची वेळ आली की या डोंगरातल्या पोराच्या तोंडाला कुलूप! आणि एरवी अख्ख्या वर्गाची फिरकी घेणारी ती तरी कुठे बोलत होती?

शनिवारी अकराच्या बसने ती परत निघणार होती. बॅग बसमध्ये चढली, तेवढ्यात दिदिएने तिला गाठलं. "अजून अर्धा तास आहे. निरोपाची कॉफी तरी घे."

खानावळीच्या निनेत्ताकाकूंनी चार तोट्यांचं लाकडी भांडं त्याच्या हातात दिलं. आत दारू घातलेली कढत कॉफी, तिला संत्र्याच्या सालीचा वास. इथल्या ओस्ताच्या खोऱ्यातली रीतच आहे तशी – तोटीला तोंड लावून प्यायचं, भांडं हातोहात फिरवायचं, पण रिकामं झाल्याशिवाय खाली टेकवायचं नाही. टेकवलं तर अपशकुन!

देता-घेता बोटांना बोटं लागायची आणि दोघंही घाईघाईने खिडकीबाहेर बघायची.

"बर्फ छान पडलाय."

"हो ना... छानच."

खरं तर फियोरेंझा पीतच नव्हती. कॉफी संपली की निघावं लागणार, म्हणून ती तोटीला नुसते ओठ लावत होती. दिदिए मात्र मोठमोठे घोट घेताना दिसत होता. तिला वाटलं, मला घालवायची एवढी घाई झालीय याला?

बसचा हॉर्न वाजला. काकूंनी येऊन भांड्याचं झाकण उचललं.

"अगं बाई! ही तर तशीच आहे, काठोकाठ! थंडगार झाली की. अर्धा तास दोघं पीत काय होतात?"

दिदिएचे कान लालबुंद झाले. फियोरेंझा त्याच्याकडे बघतच राहिली.

"तू पण–?"

"तू जाऊच नयेस असं वाटत होतं," तो कसाबसा म्हणाला. "मला... मला तू फार आवडतेस."

"अरे मास्तर, मग सहा दिवस झोपला होतास का? मलाही तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून!"

"बस सुटतेय हं," काकू म्हणाल्या.

फियोरेंझाने भांडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "कशी जाऊ, काकू? हे खाली ठेवता येत नाही ना!"

तोवर दिदिए धावत जाऊन तिची बॅग उतरवूनही आला होता.