पाहुणा झालेला म्हातारा संगणक

घर एक, छप्पर एक, यंत्रं तीन. तिन्हींच्या पडद्यांवर वायफायचे पट्टे पूर्ण भरलेले, आणि तरीही त्यातला एक गडी उरलेल्या दोघांना ओळख द्यायला तयार नव्हता. रविवारची छान सकाळ सोडून केतकी पार्टे त्याच्यापुढे डोकं धरून बसली होती.

हा गडी म्हणजे आजोबांचा जुना संगणक. २०४९ साली असला टेबलभर पसरणारा संगणक अख्ख्या मेटगुताड गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. केतकीचे आजोबा, डॉक्टर भास्कर पार्टे, मधमाश्यांचे शास्त्रज्ञ. वीस वर्षं त्यांनी मधपेट्यांची गुणगुण टिपून ठेवली होती, ती सगळी याच संगणकात होती. उरलेली दोन यंत्रं म्हणजे केतकीचा शाळेचा टॅब आणि ठकी. ठकी हा खरं तर घरचा यंत्रमानव, पण आईनं नाव ठकी ठेवलं आणि तेव्हापासून सगळे तिला 'ती'च म्हणत.

घाई होती ती बागेतल्या पेटीमुळे. गेल्या वर्षी दोन पेट्यांतल्या सातेरी जातीच्या मधमाश्या उडाल्या त्या गेल्याच. त्यानंतर आठवडाभर आजोबा बागेकडे फिरकले नव्हते, नीट जेवलेही नव्हते. आता एकच पेटी उरली होती, आणि कालपासून तिची गुणगुण वाढली होती.

"माश्या भुकेल्या असल्या तरी गुणगुण वाढते, आणि निम्म्या जणी जुन्या राणीला घेऊन निघणार असल्या तरी वाढते," आजोबा म्हणाले. "भुकेल्यांना साखरेचा पाक द्यायचा. निघणाऱ्या असतील तर राणीला आपणच नव्या पेटीत बसवायचं. पण पाक देत बसलो आणि त्या निघणाऱ्या निघाल्या, तर मग हात चोळत बसावं लागेल. पूर्वी मला नुसत्या कानानं कळायचं गं. आता हे कान कामातून गेले."

"पेटी उघडून बघू या?"

"बिथरलेल्या पेटीत उगाच हात घातला, तर असतील नसतील तेवढ्या उठतील."

ठकीला मात्र आवाजाला आवाज जुळवता येत होता. आजचा आवाज केतकीनं टॅबवर टिपला होता आणि तो ठकीला मिळालाही होता. जुने आवाज तेवढे मिळायचे होते. पेनड्राइव्हनं काम भागलं असतं, पण तो लावायची संगणकाची खाच इथल्या दमट हवेनं केव्हाच गंजून गेली होती. सव्वानऊ वाजले होते. माश्या निघाल्याच, तर ऊन वर आल्यावर, साडेदहा-अकराच्या सुमाराला निघतात.

"केतकीताई, आपल्या जाळ्यावर तो संगणक कुठेच नाही," ठकीनं चौथ्यांदा सांगितलं.

केतकी वैतागली. "आजोबा, याची कार्यप्रणाली (संगणकाचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम) वेगळी, टॅबची वेगळी, ठकीची तिसरीच. यांचं जमणार कसं?"

"टॅबची आणि ठकीची तरी कुठे एक आहे? त्यांचं जमतंच की."

केतकीनं आधी टॅबकडे पाहिलं, मग ठकीकडे. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आतून कुणी कसाही असो," आजोबा म्हणाले, "जाळ्यावर बोलताना सगळे तेच प्रोटोकॉल (निरोप कसा लिहायचा, कसा पाठवायचा, याचे ठरलेले नियम) पाळतात. हा म्हातारासुद्धा पाळतो. तेव्हा त्याला नावं ठेवू नकोस. त्याच्यावर हवामान दिसतंय का बघ."

दिसत होतं. आकाश निरभ्र, ऊन कडक.

"म्हणजे राउटरपर्यंत (यंत्रांचे निरोप इकडून तिकडे पोचवणाऱ्या पेटीपर्यंत) तो पोचतोय. गावाबाहेरही जातोय. अडतोय फक्त घरातल्या घरात. आता तिघांचे पत्ते बघ."

जाळ्यात आलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर आकड्यांचा एक पत्ता देतो, हे केतकीला ठाऊक होतं. तिनं तिन्ही पत्ते कागदावर लिहिले. टॅबच्या आणि ठकीच्या पत्त्यात पहिले तीन आकडे सारखे होते, शेवटचा तेवढा वेगळा. संगणकाचा मात्र तिसरा आकडाही निराळा होता.

"हा तर दुसऱ्याच आळीत राहतोय!"

"मग तिथं नेऊन कुणी बसवला?"

केतकीनं जीभ चावली. आईचा नियम होता, घरात नवं यंत्र आलं की त्याला 'पार्टे-घर' या जाळ्याचा पासवर्ड द्यायचा नाही. त्याला 'पार्टे-पाहुणे' या जाळ्यावर ठेवायचं. राउटर एकच, जाळी दोन. काल संगणक माळ्यावरून खाली आला, आणि तिनं सवयीनं त्याला पाहुण्यांत बसवलं होतं.

"मीच," ती हळूच म्हणाली.

आजोबा खो खो हसले. "अनोळखी माणसाला आपण पडवीत बसवतो ना, तसंच हे. पडवीतून रस्त्यावर जायची मोकळीक, माजघरात यायची नाही. पाहुण्यांचे निरोप राउटर घरातल्यांना मुद्दाम देत नाही, म्हणजे एखादं खोडसाळ यंत्र आलं तरी त्याला उचापती करता येत नाहीत. आईचा नियम शंभर नंबरी आहे. पण अगं, तुझ्या जन्माआधीपासून जो या घरात राहतोय, त्याला पाहुणा केलंस!"

केतकीनं संगणकाला 'पार्टे-घर'चा पासवर्ड दिला. त्याचा पत्ता बदलला.

"आला!" ठकी म्हणाली. "पण मला त्यातलं काहीच उघडता येत नाही."

केतकीनं आजोबांकडे पाहिलं. ते मुद्दामच खिडकीबाहेर बघत होते. मग तिनं स्वतःच विचार केला. एका घरात आलं म्हणून काय सगळ्यांची कपाटं उघडायची? ज्याचं कपाट त्यानं मुभा द्यायला हवी. तिनं 'गुणगुण' नावाचा फोल्डर तेवढा सामायिक (इतर यंत्रांनाही वापरता येईल असा) केला आणि ठकीला फक्त वाचायची परवानगी दिली, म्हणजे चुकूनही काही खोडलं जाणार नव्हतं. आजोबा खिडकीकडे बघतच म्हणाले, "शाब्बास."

जुने आवाज भराभर आले. प्रत्येक नोंदीच्या शेवटी तरुण आजोबांचा खणखणीत आवाज होता. "चौदा मार्च. साडेदहा. गेल्या." पुढच्या नोंदीत, "भुकेल्या." मग पुन्हा, "गेल्या." इतक्या वेळा त्यांनी हा शब्द उच्चारला होता हे केतकीला माहीतच नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

"आजचा आवाज भुकेच्या आवाजांशी जुळत नाही," ठकी म्हणाली. "'गेल्या' म्हटलेल्या एकतीस नोंदींशी जुळतो."

दहाला दहा कमी होते. आजोबा तरातरा बागेत गेले. केतकीनं माश्यांना शांत ठेवणारं धुरांडं धरलं, ठकीनं न हलता पोळ्यांच्या चौकटी धरल्या, आणि आजोबांनी राणी हुडकली. कान थकले होते, डोळे नव्हते. राणी आणि निम्म्या माश्या नव्या पेटीत गेल्या.

साडेअकराला दोन्ही पेट्या शांत गुणगुणत होत्या. केतकीनं टॅबवर नोंद टिपली. ती थेट जुन्या संगणकात जावी म्हणून तिनं टॅबला लिहायचीही परवानगी दिली होती.

"पुढच्या वर्षी ठकीला जुळवायला एक नवी नोंद मिळेल," आजोबा म्हणाले. "शेवटचा शब्द तूच बोल."

केतकीनं घसा साफ केला. "एकवीस मार्च. साडेअकरा. राहिल्या."