निळ्या कोळ्याची थाप

मातकट तपकिरी कोळीण आणि निळा-नारिंगी झळाळता कोळी एकाच प्रजातीचे असतील का? आंबोलीच्या जंगलातल्या संशोधन केंद्रात केतकीच्या सुलभाआत्याला हेच शोधायचं होतं. वणव्यात जळालेल्या दरीत शोधक रोबोटला निळा नर सापडला होता तो एवढा एकच.

"दोघांना एकत्र सोडू. तिनं त्याचा नाच ओळखला, तर बहुधा दोघं एकाच प्रजातीचे," आत्या म्हणाली.

"आणि नाही ओळखला तर?"

"खाऊन टाकेल."

केतकीला कोळ्यांची भीती वाटायचीच. आज पहिल्यांदाच एका कोळ्यासाठी वाटत होती.

आत्याने दोघांना काचेच्या पेटीत सोडलं. तिथल्या रबरी चौथऱ्यावर नराने पुढचे पाय उंचावले, पोट थरथरवलं, तो डावीउजवीकडे सरकला. हेच त्याचं प्रणयाराधन (मादीला रिझवण्याची धडपड). मादी वळली. दोन मोठे काळेभोर डोळे त्याच्यावर रोखून, अंग खाली दाबून ती पुढे सरकू लागली.

"आत्या, ती दबा धरतेय!"

"हळू! दचकली तर झेपच घेईल." आत्याने तिला थांबवलं.

केतकीच्या मनगटावर कंपनपट्टी (चौथऱ्यावरची बारीक थरथर अंगाला जाणवून देणारं यंत्र) होती. नर एवढा नाचतोय, तरी पट्टी गप्प! तिचा हिरवा दिवा मात्र चालू होता.

"पट्टी ठीक आहे. मग थरथर जाते कुठे? रबरात जिरतेय!"

आत्या चमकली. "खरंच! कोळी पायांनी थरथर ओळखतात. 'मी भक्ष्य नाही' हा त्याचा निरोप तिला अर्धाच मिळतोय."

केतकीने पेटीच्या कोपऱ्यातलं एक लांब वाळकं पान अलगद दोघांच्या मधे सरकवलं. तेवढ्यात नराने उडी मारली, ती थेट केतकीच्या बोटावर! तिने दात आवळले आणि हात हलू दिला नाही. क्षणभराने तो पानावर उतरला. पलीकडच्या टोकावर मादीने पाय ठेवला.

टक्... टक्... घर्रर्र! पट्टी थरथरली.

मादी थबकली. नर थाप देत जवळ आला, त्याने तिला पायाने स्पर्श केला. ती हलली नाही.

"म्हणजे तो नाच डोळ्यांसाठी आणि थाप पायांसाठी!" केतकी कुजबुजली.

"आणि दोन्ही तिला ओळखीचे." आत्याने डोळे पुसले. "पिल्लं झाली की दरीत सोडू."

"पण तिथला सगळा पाला जळलाय. थाप कशावर देतील?"

आत्याने खुरपं उचललं. मग म्हणाली, "चल, आधी दरीत रोपं लावायला घेऊ."